उंच माणूस, हलका तंबू

तंबूच्या माहितीपत्रकात ‘तळाची लांबी २२० सेंमी’ असं छापलेलं असतं. १९३ सेंमी उंचीचा माणूस ते वाचतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि २७ सेंमी शिल्लक राहिले म्हणून निश्चिंत होतो. पहिल्याच मुक्कामाला त्याचं डोकं एका भिंतीला आणि स्लीपिंग बॅगेचं टोक दुसऱ्या भिंतीला लागतं. सकाळी उठून बघावं तर रात्रभर पावसाचा एक थेंब पडलेला नसतो, तरी बॅगेचा पायाकडचा भाग ओला असतो.

हे असं का होतं आणि त्यावर उपाय काय, यावरून पुण्यात वाढलेल्या आणि आता कॅलिफोर्नियात राहणाऱ्या दोन भावंडांत चांगलीच जुंपली. निमित्त होतं जॉन म्यूर ट्रेलचं. योसेमिटी दरीतल्या हॅपी आयल्सपासून ४,४२१ मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीच्या माथ्यापर्यंत जाणारी ही सुमारे ३४० किलोमीटरची वाट आहे. हिमालयातल्या आपल्या ठरावीक ट्रेकसारखी इथे सहसा खेचरं सामान वाहत नाहीत, वाटेत तयार कॅम्प नसतात. जे लागेल ते पाठीवर, आणि तेही तीन आठवड्यांसाठी. धाकटी बहीण ५ फूट २ इंच, दादा ६ फूट ४ इंच. परमिट दोघांच्या नावावर निघालं आणि तंबूचा प्रश्न पुढे आला.

धाकटी हलक्या सामानाची कट्टर पुरस्कर्ती. तिचा तंबू सिलनायलॉनचा, म्हणजे सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा, एकाच ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा, साडेसातशे ग्रॅमचा. दादानेही तसाच घ्यावा, असा तिचा आग्रह.

“दादा, १९५५ साली एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची आजी एकटीने अख्खी अ‍ॅपलाचियन ट्रेल चालली. घरी शिवलेली झोळी खांद्यावर आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नव्हताच तिच्याकडे. आणि तू इथे सेंटिमीटर मोजतोयस!”

“गेटवूड आजींना माझा नमस्कार,” दादा म्हणाला. “पण त्या वाटेवर जागोजागी लाकडी निवारे आहेत. शिवाय वाटेवरच्या कितीतरी घरांनी त्यांना रात्री आसरा दिला. म्यूर ट्रेलवर काय आहे? म्यूर खिंडीत १९३० साली बांधलेली दगडी झोपडी. तीही वादळात जीव वाचवायला. मुक्कामाला परवानगी नाही. तिथे माझं घर म्हणजे माझा तंबूच.”

“मग रे जार्डिन घे,” धाकटी हटणारी नव्हती. “मूळचा एरोस्पेस इंजिनिअर, कातळाच्या फटीत अडकवायची ‘फ्रेंड्स’ ही गिर्यारोहणातली साधनं शोधून काढणारा माणूस. १९९२ साली त्याने पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर पुस्तक लिहिलं आणि निम्म्या वजनात हजारो मैल चालता येतात हे लोकांना पटवून दिलं. तो आणि त्याची बायको नुसत्या ताडपत्रीखाली झोपायचे.”

“ती ताडपत्री शिवली कुणी? त्यानेच. स्वतःच्या मापाने शिवली आणि दुसऱ्यांनाही आपापलं सामान स्वतः शिवायला सांगितलं. मी तेच म्हणतोय. माझ्या मापाचं हवं.”

इथे दादाचा मुद्दा बिनतोड होता. अल्ट्रालाइट चळवळीचा आज सर्वांना ठाऊक असलेला निकष म्हणजे अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सामान दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत बसवायचं. हा आकडा सगळ्यांना सारखाच लावला जातो. पण १९३ सेंमीच्या माणसाची स्लीपिंग बॅग ‘लाँग’ मापाचीच लागते, कारण ‘रेग्युलर’ बॅग साधारण ६ फुटांपर्यंतच पुरते. गादीचंही तेच. थर्मारेस्टची निओएअर एक्सलाइट रेग्युलर मापात १८३ सेंमी लांब, लार्जमध्ये १९६. कपडे मोठे, बूट मोठे, भूक मोठी. तंबू विकत घेण्याआधीच उंच माणसाच्या सॅकमध्ये काहीशे ग्रॅम जास्त भरलेले असतात. त्यात या वाटेवर बऱ्याच टप्प्यांत अस्वलापासून अन्न वाचवणारा कडक डबा बाळगणं सक्तीचं आहे, आणि त्याच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नमुन्याचं वजन रिकामाच असताना एक किलोच्या वर भरतं.

“म्हणूनच म्हणते,” धाकटी म्हणाली, “बाकी सगळं जड असताना तंबू तरी हलका ठेव.”

“हलका हवाच. पण आधी मी त्यात मावायला हवा.”

शेवटी दोघांनी मागच्या अंगणात धाकटीचा तंबू लावला. दादाने गादी फुगवून आत सरकवली, स्लीपिंग बॅग पसरली आणि आत शिरून उताणा झोपला. धाकटी बाहेरून टॉर्च मारून बघत होती. बॅगेच्या टोकाने पायाकडची भिंत बाहेर ढकललेली स्पष्ट दिसत होती. कापड ताणून तिथे मुठीएवढा फुगवटा आला होता. दादा थोडा वर सरकला तर तसाच फुगवटा डोक्याकडे. तंबूचा तळ २२० सेंमी लांब होता, यात छपाईची चूक काही नव्हती.

मग टेप आली. गादी साडेसात सेंमी जाड. त्यावर टाचा, टाचांवर उभे पाऊल, पावलाभोवती बॅगेचा फुगवटा. पायाची बोटं जमिनीपासून तीस सेंमीच्या वर पोचली. तंबूची भिंत सरळ उभी असती तर या उंचीने काही बिघडलं नसतं. पण हलक्या तंबूंच्या भिंती कललेल्या असतात. तळाच्या कडेपासून ४५ अंशांत वर जाणारी भिंत तीस सेंमी उंचीवर तीस सेंमी आत आलेली असते. ६० अंशांची भिंत सतरा सेंमी आत येते, ७५ अंशांची आठ सेंमी. दोन्ही टोकांना ६० अंशांच्या भिंती धरल्या तरी २२० सेंमीतून ३४ जातात आणि उरतात १८६. उताणं झोपल्यावर पाय सैल सुटतात, बोटं पुढे पडतात. बॅगेच्या टोकाची जाडी, डोक्याकडची टोपी हे सगळं धरून १९३ सेंमीच्या माणसाला सव्वादोनशे नव्हे, तरी २०५ ते २१० सेंमी मोकळी जागा लागते, आणि तीही जमिनीवर नव्हे, पायाच्या उंचीवर.

“पाय मुडपून कुशीवर झोप,” धाकटीने सुचवलं.

“एक रात्र झोपेन. तीन आठवडे रोज पंधरा-वीस किलोमीटर चालल्यावर गुडघे सरळ करायला जागा नको?”

“बरं, मग भिंतीला पाय लागू दे. लागला तर काय होतं? पावसाळी जॅकेट बॅगेच्या टोकावर चढव. सगळे हेच करतात, आणि त्याचं वजन शून्य, कारण जॅकेट तर आपण नेणारच.”

ही युक्ती खरोखर चालते आणि ज्याच्याकडे आधीच आखूड तंबू आहे त्याने ती जरूर वापरावी. मात्र रोजच्या मुक्कामाचा आधार म्हणून ती अपुरी आहे, आणि त्याचं कारण भिंतीवरच्या पाण्यात आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. निरभ्र रात्री तंबूचं कापड आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतं आणि ती वाफ आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. एकपदरी तंबूत हे ओलं कापड थेट झोपणाऱ्याच्या अंगाशी असतं. दुपदरी तंबूत मध्ये जाळी असते. पण पायाच्या रेट्याने जाळी बाहेरच्या पदराला चिकटली की दुसरा पदर असून नसल्यासारखा. पिसांची बॅग ओली झाली की पिसं गोळा होतात, फुगवटा बसतो आणि ऊब जाते. हे नेमकं पावलांपाशी घडतं, जिथे थंडी आधी वाजते. म्यूर ट्रेल ज्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतून जाते, तिथे उन्हाळ्यातही उंचावरच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. ४,००९ मीटरच्या फॉरेस्टर खिंडीच्या आसपास मुक्काम करणाऱ्याला ओली बॅग परवडत नाही.

यावर धाकटीने जे सांगितलं ते मात्र दादाने वहीत लिहून घ्यावं असं होतं.

“दव हा तंबूचा दोष कमी आणि जागेचा जास्त असतो. लोक तळ्याकाठच्या हिरवळीवर तंबू लावतात, कारण फोटो छान येतो. थंड हवा रात्री खाली उतरते, दमट जागी साचते. त्यापेक्षा जरा वर, झाडांच्या आडोशाला, कोरड्या मातीवर लाव. पाण्यापासून शंभर फूट लांब राहायचा नियम आहेच, तू दोनशे जा. दारं उघडी ठेव, वारा खेळू दे. माझा तंबू एकपदरी असूनही बहुतेक सकाळी कोरडा असतो.”

“झाडं संपतात तिथे?”

“तिथे पुसायला एक फडकं ठेवायचं.”

जागेची निवड ही फुकट मिळणारी गोष्ट आहे, आणि उंच माणसालाही ती तितकीच लागू आहे. पण झाडांच्या वर, सपाट ग्रॅनाइटवर, जिथे निवडीला फारसा वाव नसतो, तिथे भिंत आणि पाऊल यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवायला लांबीच हवी. म्हणून दोघं पर्यायांकडे वळले.

धाकटीने पहिलं नाव घेतलं फ्लोरिडातल्या झीपॅक्सच्या डुप्लेक्सचं. दोन माणसांचा, दोन ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा, वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम. तळ २२९ सेंमी लांब, ११४ रुंद. मधली उंची १२२ सेंमी, म्हणजे १९३ सेंमीचा माणूस गादीवर ताठ बसला तरी डोकं छताला लागत नाही. कापड डायनीमा कॉम्पोझिट, जे मूळचं शर्यतींच्या शिडांसाठी तयार झालं. ते पाणी शोषत नाही आणि ताणतही नाही.

“तुझ्यापेक्षाही हलका, आणि माझ्यासाठी लांब,” दादा खूश झाला. “आपण दोघंही यातच झोपू. एकच तंबू.”

“तुझी गादी ६४ सेंमी रुंद, माझी ५१. बेरीज ११५. तळ ११४.”

“एक सेंटिमीटरवरून अडतेस?”

“एका सेंटिमीटरवरून नाही. तुझ्या कोपरांवरून अडते. आणि किंमत सहाशे डॉलरच्या वर आहे, ते बघ. हे कापड टोकदार दगडाला, काट्याला लवकर भोक पाडून घेतं. चिकटपट्टी लावून दुरुस्त होतं, पण सारखं घड्या पडून झिजतंही. जपून वापरणाऱ्याने घ्यावं.”

मग दादाने तिरकं झोपण्याची कल्पना मांडली. ११४ गुणिले २२९च्या तळाचा कर्ण २५६ सेंमी भरतो, मग एकट्याने कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपलं की झालं! ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून ती कागदावर मांडून बघण्यासारखी आहे. ६४ सेंमी रुंदीचा आयत या तळात तिरका ठेवला की त्याचे कोपरे आधी भिंतींना भिडतात, आणि जास्तीत जास्त २२० सेंमीच्या आसपास लांबी बसते; सरळ ठेवल्यावर मिळते त्यापेक्षाही कमी. तिरकं झोपण्याचा उपयोग होतो तो पायाकडे निमुळत्या होत गेलेल्या गादीला आणि निमुळत्या बॅगेला. रुंद, चौकोनी गादी वापरणाऱ्या उंच माणसाने कर्णाच्या भरवशावर आखूड तंबू घेऊ नये.

दोन माणसांचा तंबू एकट्याने वापरण्याचा खरा फायदा वेगळा आहे. मधोमध झोपता येतं आणि बाजूच्या भिंती खांद्यांपासून दूर राहतात.

दादाच्या मनात एरवी बिग अ‍ॅग्नेसचा कॉपर स्पर होता. दोन माणसांचा, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, भिंती बऱ्यापैकी उभ्या, तळ २२४ सेंमी.

“खुंट्या ठोकता आल्या नाहीत तरी हा उभा राहतो,” तो म्हणाला. “सगळी वाट ग्रॅनाइटची आहे. तुझे पोलवाले तंबू खुंटी गेली नाही की आडवे.”

“दादा, राजगडाच्या, हरिश्चंद्रगडाच्या कातळावर कधी खुंटी गेली होती? दोरीच्या टोकाला धोंडा बांधायला आपण तिथेच शिकलो. सिएरात धोंड्यांना तोटा नाही. आणि कॉपर स्परचं वजन बघ, १.४ किलोच्या घरात. उंची बघ, १०२ सेंमी. गादीवर बसलास की मान वाकडी. शिवाय तू ट्रेकिंग पोल नेणारच आहेस. त्या काठ्या दिवसा हातात आणि रात्री तंबूत. उंच माणसाच्या काठ्या लांबच असतात, त्याला तर हे जास्त सोयीचं.”

हा युक्तिवाद दादाला पटला, आणि पटण्यासारखाच होता. तंबूच्या वेगळ्या काठ्या म्हणजे चारेकशे ग्रॅमचा भुर्दंड. ज्याच्या बाकी सामानाचं वजन शरीरामुळेच वाढलेलं आहे, त्याने तो टाळता येत असेल तर टाळावा.

मात्र कापडाच्या बाबतीत दादाने बहिणीला अडवलं. सिलनायलॉन मजबूत, पण नायलॉन दमट हवेत पाणी शोषून सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू मध्यरात्री लोंबायला लागतो. धाकटीला त्याचा त्रास होत नाही, कारण तिच्या पावलापासून भिंत वीतभर लांब असते. दादाच्या बाबतीत मात्र आधीच जेमतेम असलेलं अंतर याच लोंबण्याने संपतं. सिलिकॉन चढवलेलं पॉलिएस्टर ओलं होऊनही जवळजवळ ताणत नाही, आणि डायनीमापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. उंच माणसाने माहितीपत्रकात वजनाच्या आधी हे वाचावं.

उभ्या टोकांचे, पोलवर उभे राहणारे तंबू बनवणाऱ्यांनी उंच गिऱ्हाइकांचा विचार केलेला आहे. हेन्री शायर्स या कॅलिफोर्नियाच्या माणसाने १९९९ साली स्वतःच्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलच्या प्रवासासाठी शिवलेल्या आडोशाचा नकाशा सगळ्यांसाठी मोफत खुला केला आणि त्यातून पुढे टार्पटेंट ही कंपनी उभी राहिली. त्यांच्या स्ट्रॅटोस्पायरसारख्या तंबूंत टोकांना कार्बनच्या छोट्या काड्यांचे त्रिकोण असतात. त्या काड्या भिंतीला पावलांपाशी उभं धरतात. काही ग्रॅमच्या काड्यांनी भिंतीचा कोन बदलतो आणि तळ न वाढवता झोपायची लांबी वाढते.

कॅनडाच्या डॅन डर्स्टनने एक्स-मिडमध्ये वेगळी वाट काढली. दोन पोल समोरासमोर न ठेवता एकमेकांना तिरके ठेवले आणि आयताकृती बाहेरच्या पदराखाली आतला भाग कललेल्या चौकोनासारखा बसवला. झोपणारा बाहेरच्या आयतात तिरका पडतो, त्यामुळे डोकं आणि पाय अगदी खालच्या कडेपर्यंत जात नाहीत. चार खुंट्यांत उभा राहतो, पॉलिएस्टरचा, एका माणसाचा, ८०० ग्रॅमच्या आसपास, मधली उंची ११७ सेंमी. किंमत डायनीमाच्या तंबूच्या निम्म्याहून कमी.

“म्हणजे माझ्या तंबूपेक्षा पन्नास ग्रॅम जास्त,” धाकटीने हिशेब केला.

“आणि कॉपर स्परपेक्षा सहाशे ग्रॅम कमी,” दादाने पुरा केला.

इथे वाद संपला असं कुणाला वाटेल, पण धाकटीने एक शेवटची हरकत घेतली, आणि ती योग्य होती. लांब तंबूला लांब जागा लागते. तिचा तंबू दोन झाडांच्या मधल्या फटीत बसतो; आयताकृती, दोन पोलांचा तंबू तिथे बसणार नाही. वारा सुटल्यावर मोठ्या पृष्ठभागाला जास्त धरतो. उंच माणसाने संध्याकाळी अर्धा तास लवकर थांबावं, जागा शोधायला वेळ ठेवावा आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी. हे तिचं म्हणणं दादाने मान्य केलं. जाड गादीचा हट्टही त्याने सोडला. पाच सेंमीची घेतली तर पावलं अडीच सेंमी खाली येतात, आणि भिंतही थोडी दूर जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काय लागू? आपल्यापैकी अनेकांनी राजगडाच्या पद्मावती मंदिरात आणि हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत रात्री काढल्या; तंबूशी गाठ पडली ती हिमालयात, तीही बहुतेक वेळा ट्रेक नेणाऱ्या संस्थेच्या तंबूशी. आता स्वतःचं सामान स्वतः वाहून चालणारे तरुण वाढताहेत, आणि त्यांच्यात सहा फुटांच्या वरचेही आहेत. त्यांच्या हाती सहज लागतात ते डिकॅथलॉनच्या क्वेचुआ एमएच१०० सारखे तंबू. दोन माणसांचा एमएच१०० चांगला, स्वस्त, पण आतली झोपायची जागा २१० सेंमी लांब आणि वजन अडीच किलोच्या आसपास. पावणेसहा फुटांच्या माणसाला हा पुरतो. सव्वासहा फुटांच्या माणसाने तो घ्यायचा तर पाय भिंतीला लागणार हे धरूनच घ्यावा. अमेरिकेतून तंबू मागवायचा तर आयातशुल्काचा हिशेब आधी करावा, आणि सह्याद्रीच्या ओल्या हवेसाठी पॉलिएस्टर व दुपदरी हाच पर्याय घ्यावा. आपल्याकडच्या दमट रात्री एकपदरी तंबूला मानवत नाहीत.

दोघांच्या वादात वजनाबद्दल धाकटी बरोबर होती आणि मापाबद्दल दादा. पण क्रम दादाचा धरायला हवा. आधी पावलाच्या उंचीवरची लांबी, मग बसल्यावरची उंची, मग कापड, आणि या तीन चाळण्यांतून उरलेल्या तंबूंतला सगळ्यात हलका. वजनापासून सुरुवात केली की उंच माणूस आखूड तंबू घेतो आणि वर्षभरात दुसरा घेतो.

तेव्हा दुकानात लावलेला तंबू दिसला, किंवा मित्राचा उसना मिळाला, तर संकोच करू नका. स्वतःची गादी फुगवून आत ठेवा, स्लीपिंग बॅगेत शिरा, उशी घ्या आणि दहा मिनिटं उताणे पडून राहा. बरोबरच्या माणसाला पायाकडची आणि डोक्याकडची भिंत हाताने चाचपायला सांगा. दोन्हीकडे चार बोटं सहज फिरली, तरच पैसे मोजा.